नळसाय

त्रिदल टॉवरमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता जितकं पाणी वाहत होतं, तितकंच ते सोमवारी अकरालाही वाहत होतं. रोशन लांजेवारनं मीटरकडे पुन्हा एकदा पाहिलं. मीटर बरोबर होता. चुकत होती ती माणसं.

नागपूरच्या वर्धा रोडवरचा हा टॉवर एकतीस मजल्यांचा, आणि नुसत्या ऑफिसांचा. रविवारी तिथं पहारेकरी आणि कबुतरं सोडली तर कोणी असायला नको. पण गेल्या दोन वर्षांत शहरातल्या टॉवरांमधून रविवार हद्दपार झाला होता. लोक घरी जायचेच बंद झाले होते. कोणी त्यांना कोंडलेलं नव्हतं, दारं सताड उघडी असायची. विचारलं तर जो तो उन्हाकडे बोट दाखवायचा. बाहेर पारा पन्नाशीला टेकलेला, आत गारवा, जेवण आणि झोपायला खोल्या, मग जायचं कशाला? नागपुरात कशाचंही खापर उन्हावर फोडणं सोपं असतं. डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीतही ही मंडळी घरी गेली नाहीत, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

रोशन चौपन्न वर्षांचा. व्यापारी इमारतींच्या नळांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो मुख्य कारागीर होता. नळ फुटल्यावर पाना घेऊन धावतो तो प्लंबर, आणि नळ फुटूच देत नाही तो मी, असं तो ऐटीत सांगायचा. ऐट खोटी नव्हती. त्याच्या हाताखालच्या चाळीस इमारतींत अकरा वर्षांत एकही नळ फुटला नव्हता.

याचं श्रेय खरं तर नळसायीचं. शहराचं निम्मं पाणी गळतीत वाया जायचं त्या काळात शास्त्रज्ञांनी हे जिवंत अस्तर तयार केलं. दुधावर धरते तशी नळाच्या आतून धरणारी जंतूंची पातळ साय, म्हणून कारागिरांनी तिला नळसाय म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कागदोपत्रीही तेच नाव पडलं. नळाला बारीक चीर पडली की ही साय तिथं दाटून येते आणि चीर बुजवते. रोगाच्या जंतूंना ती थारा देत नाही. तिला हवं असतं फक्त वाहतं पाणी. त्यात विरघळलेल्या क्षारांवर ती जगते. जितकं पाणी जास्त वाहील, तितकी ती जाड होते. वर्षातून दोनदा जाडी मोजायची, आणि ती पातळ झाली असेल तिथं नवी साय लावायची, एवढीच देखभाल.

नवी साय प्रयोगशाळेतून बाटलीत यायची. प्रत्येक वेळी नवीच बाटली वापरावी, असा नियम होता. पण बाटलीतली साय धरायला तीन आठवडे लागायचे, तेवढे दिवस इमारतीला टँकरनं पाणी पुरवावं लागायचं, आणि सगळेजण कारागिरांच्या नावानं ओरडायचे. यावर तोड काढली रोशननं. त्याची आई दही लावताना विरजण घरचं वापरत नसे. आळीत ज्या घरचं दही सर्वांत घट्ट, तिथून वाटीभर मागून आणायची. रोशननं तेच केलं. ज्या इमारतीची साय सर्वांत जाड, तिथला तुकडा खरवडून तो पुढच्या इमारतीत लावू लागला. साय चार दिवसांत धरली. सगळ्या कारागिरांनी त्याचं अनुकरण केलं, कंपनीनं डोळेझाक केली, आणि बाटल्या गोदामात धूळ खात पडल्या.

मीटर तपासून झाल्यावर तो सतराव्या मजल्यावर गेला. त्याची मुलगी मृण्मयी तिथं काम करायची. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली, पहिला आठवडा धावत घरी येत राहिली, मग एक दिवसाआड, आणि मग आलीच नाही. त्याला आता चार महिने होत आले होते. तिची ओवी अकरा महिन्यांची झाली होती आणि आजीलाच आई समजत होती. जावई रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये होता. तोही तसाच. मधला रस्ता ओलांडून नवरा-बायको एकमेकांना भेटतही नव्हते.

"ओवीनं काल भिंत धरून पाऊल टाकलं," रोशन म्हणाला.

"हो ना, आईनं व्हिडिओ पाठवला होता. छान वाटलं," मृण्मयी म्हणाली. तिचा चेहरा टवटवीत होता, बोलण्यात माया होती.

"मग चाल ना घरी. पाहून तर घे तिले."

"येईन की बाबा. ती आहे ना तिथं मजेत? मीबी इथं मजेत आहे. तुम्ही कायले एवढा घोर करता?"

त्यानं रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. भिंतीशी भांडता येतं, पण सुखात असलेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे त्याला कळेना. तो खाली आला आणि जिन्यात बसून रडला. तिथं पाहणारं कोणी नव्हतं, हे बरंच झालं.

त्याला पाण्याचा संशय आला तो पुढच्या महिन्यात. टॉवरच्या दक्षिण भागातली साय खराब झाली म्हणून सहा दिवस तिथं टँकरचं पाणी दिलं होतं. चौथ्या दिवशी त्या भागातली माणसं उठून घरी जाऊ लागली. काही जण तर लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं धावत सुटले, आणि एक मोठ्या हुद्द्यावरची बाई हुंदके देत रिक्षा शोधत होती. रोशननं तिथं नवी साय लावली. दोन आठवड्यांत सगळे परत आले, शांत झाले, आणि पुन्हा तिथलेच होऊन राहिले. उत्तर भागात, जिथं मृण्मयी होती, तिथं या सगळ्याचं कोणाला काहीच नव्हतं.

रोशनला स्वतःला काही झालं नव्हतं, कारण ज्या नळाचं काम करायचं त्या नळाचं पाणी प्यायचं नाही, ही जुन्या प्लंबरांची सवय त्यानं सोडली नव्हती. नळाच्या आत काय असतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला घरच्या माठाचंच पाणी गोड लागतं. त्याच्या वस्तीत नळसाय नव्हतीच. ती फक्त व्यापारी इमारतींसाठी होती.

तो सायीचा तुकडा आणि बाटलीभर पाणी घेऊन डॉ. नलिनी देवतळे यांच्याकडे गेला. पहिली नळसाय ज्यांनी घडवली त्या चमूत त्या होत्या. तीन आठवड्यांनी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर काचेच्या दोन बशा होत्या. एकीत पातळ, पांढरट थर होता, दुसरीत जाड आणि पिवळसर.

"ही पांढरी आम्ही दिलेली साय. ही पिवळी तुमची," त्या म्हणाल्या. "ही आमची राहिलेली नाही. तुम्ही नवी कुठून लावत होता?"

रोशननं विरजणाची गोष्ट सांगितली. सांगताना त्याचा आवाज खाली गेला. बाईंनी पिवळी बशी पुढे ओढली.

"शेतकरी बियाणं निवडतो ना, भरलेल्या कणसाचं? पिढ्यान् पिढ्या निवडत गेलं की पीकच बदलतं. जंतूंची पिढी अर्ध्या तासाची असते. तुम्ही अकरा वर्षं निवडत होता."

"मी तर जाड तेवढी निवडली, मॅडम."

"साय जाड कुठं होते? जिथं पाणी जास्त वाहतं तिथं. पाणी कुठं जास्त वाहतं? जिथं माणसं जास्त वेळ थांबतात तिथं. कधीतरी, कुठल्याशा इमारतीत, सायीचा एक वाण योगायोगानं असा निघाला की त्यातून पाण्यात एक द्रव्य झिरपायचं, आणि ते पाणी पिणारी माणसं तासभर जास्त थांबायची. तेवढ्यानं ती साय शेजारणीपेक्षा केसभर जाड झाली. तुम्ही नेमकी तीच उचललीत. पुढच्या वेळी तिच्यातली आणखी जोरदार. सायीला अक्कल नाही, लांजेवार. तिला माणसं धरून ठेवायची नव्हती. तुम्ही नकळत तेवढंच पारखत राहिलात."

"पण हे द्रव्य करते तरी काय? नशा आहे का?"

"नशा असती तर बरं झालं असतं, लक्षात आली असती." त्यांनी त्या द्रव्याला निवांतक असं नाव दिलं होतं. "आपण घरी पोचतो, आपल्या माणसाला पाहतो, तेव्हा शरीरात एक रसायन सुटतं. 'पोचलो' एवढाच त्याचा निरोप असतो. तो निरोप मिळेपर्यंत जी तगमग होते तिला आपण ओढ म्हणतो. निवांतक हुबेहूब तोच निरोप देतो, घोटाघोटाला. ही माणसं आपल्या मुलाबाळांना विसरलेली नाहीत. त्यांना फक्त सारखं वाटतंय की आपण पोचलो आहोत. पोचलेला माणूस निघेल कशाला?"

रोशनला मृण्मयीचा टवटवीत चेहरा दिसू लागला. त्यानं विचारलं, "क्लोरीन सोडून मारून टाकता येईल ना?"

"येईल. पण सायीखाली नळ शिल्लक आहे का, हे तुम्हीच सांगा."

याचं उत्तर त्याला माहीत होतं. मागे त्यानं नळाचा एक तुकडा कापला होता. लोखंड पापडासारखं झालं होतं आणि पाणी धरून ठेवलं होतं ते सायीनं. फुटणारा प्रत्येक नळ तिनं सांभाळला म्हणून कोणी नळ बदललेच नव्हते. साय मेली तर एकाच दिवशी शहरातले दोनशे टॉवर फुटले असते, आणि त्यांत चार हॉस्पिटलंही होती.

देवतळेबाईंनी सरकारी समितीकडे अहवाल पाठवला. समितीचं कार्यालय अशाच एका टॉवरमध्ये होतं. सदस्यांनी अहवाल बारकाईनं वाचला, तो त्यांना पटला, बाईंचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि मग तो बाजूला ठेवून दिला. कोणालाही कसलीच घाई वाटली नाही.

रोशनला मात्र घाई होती. शहराचं काय व्हायचं ते होवो, आपली पोर बाहेर काढायची, एवढंच त्यानं ठरवलं. बायकोला, पायलला, त्यानं सगळं सांगितलं. ती रोज डबा करून देऊ लागली. डबा आणि माठाचं पाणी घेऊन रोशन सकाळ-संध्याकाळ सतराव्या मजल्यावर हजर व्हायचा. "आईनं पाठवलं, हेच खा अन् हेच पी," म्हणायचा. मृण्मयीनं कशालाच हरकत घेतली नाही. तिला सगळंच छान वाटायचं, तसं हेही वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती घरी आली. भर उन्हात, रिक्षा मिळाली नाही म्हणून निम्मा रस्ता चालत. दारातूनच तिनं ओवीकडे हात पसरले. ओवीनं त्या अनोळखी बाईकडे पाहिलं आणि किंचाळत आजीच्या गळ्याला मिठी मारली.

मृण्मयी उंबऱ्यातच खाली बसली. "मले सगळं आठवते, आई," ती म्हणत राहिली. "तिचा पहिला दात. तिले ताप आला होता तो दिवस. तुम्ही कळवलं, मी वाचलं. बरं वाटेल म्हटलं, अन् मीटिंगले गेली. सात महिने. असं कोणी असते का?"

पायलनं तिला जवळ घेतलं. रोशनला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. रडून घेईल, मोकळी होईल, पोर चार दिवसांत रुळेल, असा त्याचा हिशेब होता. ओवी खरंच रुळली. पाचव्या दिवशी तिनं आईच्या हातून वरणभात खाल्ला. रुळली नाही ती मृण्मयी. सात महिन्यांची न लागलेली ओढ तिला एकदम लागली होती. ओवी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. आजीनं तिला शेजारच्या खोलीत नेलं तरी हिच्या जिवाचं पाणी व्हायचं.

आठव्या दिवशी ती नवऱ्याला आणायला त्याच्या टॉवरमध्ये गेली. तासाभरानं एकटीच परत आली.

"भेटला?" रोशननं विचारलं.

"भेटला. हसला. बरी आहेस ना, म्हणे. मी त्याच्यासमोर रडून राहिली होती, बाबा, अन् तो माझ्या खांद्यावर हात ठेवून खिडकीतून बाहेर पाहत होता." तिनं डोळे पुसले. "त्याचं काही चुकलं नाही. मीबी तुमच्याशी अशीच वागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओवीला कडेवर घेऊन, खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी होती. त्रिदल टॉवरच्या पाचव्या मजल्यावर पाळणाघर निघालं होतं. रोशन आडवा आला.

"तुले माहीत आहे तिथं काय आहे. सगळं माहीत असून जातेस?"

"माहीत आहे म्हणूनच जातो, बाबा. आधी कळत नव्हतं, आता कळते. तुम्ही याले माया म्हणता. मले हे दुखणं वाटते. दिवसभर कोणीतरी छातीत हात घालून पिळते. अशानं मी जगणार नाही. अन् मी गेली तर ही रडेल. म्हणून हिलेबी नेतो. दोघींलेबी दुखणार नाही."

"बिचारीले विचारलं का तू?"

"तुम्ही विचारलं होतं का मले? पाणी बदलताना?"

तो बाजूला झाला. मायलेकी एकत्र राहाव्यात हीच तर त्याची इच्छा होती.

पंधरा दिवसांनी जाडी मोजायच्या निमित्तानं तो पाचव्या मजल्यावर गेला. पाळणाघरात चाळीसेक मुलं होती आणि एकही रडत नव्हतं. ओवी एका चेंडूशी खेळत बसली होती. गुटगुटीत झाली होती. मृण्मयी आली, तिनं ओवीला उचललं, पापा घेतला, परत खाली ठेवलं आणि निघाली. ओवीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही, मृण्मयीनंही दारातून मागे पाहिलं नाही. आजोबाला पाहून पोर गोड हसली आणि पुन्हा चेंडूकडे वळली. पाळणाघरातली बाई कौतुकानं म्हणाली, "इतकी शहाणी मुलं आम्ही कधी सांभाळली नाहीत."

घरी पायल खचली होती. सकाळचं अंथरूण संध्याकाळपर्यंत पडून असायचं. ओवीची झबली ती धुवायची, वाळवायची, घडी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा धुवायची. ताट समोर ठेवलं तर चार घास जेमतेम जायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती नुसतीच झोपायची.

एका सकाळी तिनं रोशनला विचारलं, "ते अस्तर आपल्या नळाले लावता येते का?"

"वेडी झाली का तू?"

"सात महिने मी पाजलं, निजवलं, ढेकर काढले तिचे. आता हे रिकामे हात सोसत नाही जी. तुम्ही जाऊन पाहून येता, कामात जीव रमवता. मी काय करू? रोज ह्या चार भिंती पाहू?" ती शांतपणे बोलत होती. "तुम्ही चाळीस इमारतींचं दुखणं काढलं. माझंच कायले ठेवता?"

आठ दिवस त्यानं टाळलं. ती वाळत चालली होती, आणि ते पाहणं त्याच्या सोसण्यापलीकडचं झालं. शेवटी त्यानं त्रिदलमधून सायीचा तुकडा आणला आणि घरच्या लाइनला लावला. वाईट होतं ते त्यानं समजून-उमजून केलं, आणि बायकोसाठी केलं. आपल्यापुरतं पाणी तो शेजारून आणू लागला. घरात एकाला तरी या पोरींची ओढ राहावी, असं त्यानं मनाशी घोकलं होतं.

साय धरली आणि पायल उठली. वेणीफणी करून तिनं घर झाडलं. झबली एका पिशवीत भरून माळ्यावर टाकली. चार दिवसांत तिच्या गालांवर रंग आला. ती गुणगुणत भाजी चिरताना दिसली तेव्हा रोशनला भरून आलं. निदान एवढं तरी आपल्या हातून बरं झालं, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात चंद्रपूरच्या एका इमारतीचं काम निघालं आणि तो तिकडं गेला. संध्याकाळी परत यायचं होतं, पण काम लांबत गेलं आणि तीन दिवस तिथंच गेले. एकतीस वर्षांच्या संसारात त्याला अर्धा तास उशीर झाला तरी पायलचा फोन यायचा, आणि तो चिडायचा. या तीन दिवसांत फोन वाजला नाही. त्यानंही मुद्दाम केला नाही. तो वाट पाहत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला. दार उघडंच होतं. पायल खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि प्रसन्न हसली.

"आलो मी," रोशन म्हणाला.

"हाव, या ना."

तो दारातच उभा राहिला. "तीन दिवस झाले, पायल. फोन नाही केला तू."

तिनं खरंच आठवून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. "ध्यानातच नाही आलं जी," ती म्हणाली. मग शेंगांचं ताट बाजूला ठेवून ती उठली, नळाखाली पेला भरला, आणि पाहुण्यापुढे ठेवतात तसा अदबीनं त्याच्यापुढे ठेवला.

चंद्रपूरहून तो तीन तास उन्हातून आला होता. त्याला फार तहान लागली होती.